अंतराळवस्तीत चिलापी पाळायची झाल्यास

१९७५ च्या उन्हाळ्यात नासाचे एम्स संशोधन केंद्र आणि स्टॅनफर्ड विद्यापीठ यांच्या पुढाकाराने शास्त्रज्ञ, अभियंते आणि वास्तुविशारद एकत्र बसले आणि त्यांनी दहा हजार माणसांच्या अंतराळवस्तीचा आराखडा तयार केला. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे एक प्रचंड पोकळ कडे मिनिटाला एक फेरी घेत स्वतःभोवती फिरेल आणि त्या फिरण्यामुळे आतल्या माणसांना पृथ्वीसारखे वजन जाणवेल, अशी ती कल्पना होती. आराखड्यात रहिवाशांच्या रोजच्या जेवणाचाही तपशील होता. माणशी रोज ४० ग्रॅम मासे धरले होते आणि त्यासाठी वस्तीत कायम २,६०,००० मासे पोसावे लागतील, असा अंदाज मांडला होता. मासा निवडला होता ट्राउट.

ही निवड मला पटत नाही, आणि भीमेच्या काठच्या बहुतेकांना ती पटणार नाही. ट्राउटला थंड, वाहते, ऑक्सिजनने भरलेले स्वच्छ पाणी लागते आणि तो मुळात मांसाहारी असल्याने त्याच्या खाद्यात प्रथिनांचे प्रमाण बरेच ठेवावे लागते. जिथे प्रत्येक लिटर पाणी आणि प्रत्येक किलो खाद्य मोजून वापरायचे आहे, तिथे असा नाजूक पाहुणा परवडणारा नाही. तिथे कोणता मासा टिकेल, त्याला काय लागेल आणि तो कितपत परवडेल, हे येथे सोप्या भाषेत समजावून घेऊ.

आधी मासाच का, ते पाहू. मासा शीतरक्ताचा प्राणी आहे, त्यामुळे शरीर ऊबदार ठेवण्यासाठी त्याला अन्न जाळावे लागत नाही. पाणीच त्याचा भार पेलत असल्याने जाड हाडे आणि भक्कम पाय बांधण्यातही त्याचे अन्न खर्ची पडत नाही. चांगली निगा राखली तर सुमारे दीड किलो कोरड्या खाद्यात एक किलो मासा तयार होतो. मात्र आजची ब्रॉयलर कोंबडीही जवळजवळ तेवढ्याच खाद्यात तेवढी वाढते, म्हणून मासा हाच सर्वांत काटकसरी प्राणी, असे सरसकट म्हणणे बरोबर होणार नाही. माशाच्या बाजूने जास्त वजनदार मुद्दा असा की त्याची विष्ठा आणि मूत्र थेट पाण्यात मिसळते आणि ते पाणी नळीवाटे भाजीच्या मुळांपर्यंत नेता येते. बंदिस्त हवेत पिसे, धूळ आणि विष्ठेचा वास सांभाळण्यापेक्षा हे कितीतरी सोयीचे आहे. शिवाय मासे टाकीच्या संपूर्ण उंचीत राहतात, कोंबड्यांसारखी त्यांना जमीन पसरून द्यावी लागत नाही.

आता निवडीकडे येऊ. उजनीच्या जलाशयातून रोज जो मासा मोठ्या प्रमाणात निघतो आणि सोलापूरच्या बाजारात रोहू-कटल्याच्या शेजारी कमी भावात विकला जातो, ती चिलापी (इंग्रजीत तिलापिया) अंतराळवस्तीसाठी सर्वांत योग्य उमेदवार आहे. मूळची आफ्रिकेतील ही माशांची जात आहे. तिच्यातील मोझांबिक चिलापी १९५२ मध्ये भारतात आणली गेली, तर जगभर मत्स्यशेतीत प्रामुख्याने वाढवली जाते ती नाईल चिलापी. उजनीच्या मच्छीमारांशी बोलले की चिलापीबद्दल दोन गोष्टी एका दमात ऐकायला मिळतात: तिने देशी मासे मागे ढकलले, आणि तिच्यावरच आता घर चालते. ज्या गुणांमुळे ती जलाशयात वरचढ ठरली, नेमके तेच गुण बंदिस्त वस्तीत हवे आहेत. ती शेवाळ खाते, वनस्पतींचे तुकडे खाते, तळाचा कुजका गाळ चाळून खाते. पाण्यातील ऑक्सिजन खाली गेला तरी ती पुष्कळ वेळ तग धरते, आणि दाटीवाटीने राहणे तिला चालते. २५ ते ३० अंश तापमान तिला मानवते. वस्तीतील माणसांना साधारण याहून थोडे कमी तापमान लागत असल्याने टाक्यांसाठी वेगळी ऊब द्यावी लागेल, पण यंत्रांची वाया जाणारी उष्णता त्यासाठी वापरता येईल.

तिचा दोषही या गुणांतूनच येतो. चिलापी तीन-चार महिन्यांची झाली की अंडी घालू लागते, मादी फलित अंडी तोंडात सांभाळते, त्यामुळे पिल्ले मोठ्या संख्येने वाचतात. थोड्याच काळात टाकीत हाताच्या बोटाएवढ्या माशांची गर्दी होते आणि खाण्याजोगा मासा तयारच होत नाही. यावर मत्स्यशेतीतील रूढ उपाय म्हणजे सगळे नर वाढवणे, कारण नर मादीपेक्षा झपाट्याने वाढतो. त्यासाठी पिल्लांना पहिले काही आठवडे मिथाइलटेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक मिसळलेले खाद्य दिले जाते. पृथ्वीवर ते पाणी पुढे ओढ्या-नाल्यात मिसळून विरळ होते, परंतु अंतराळवस्तीत तेच पाणी शुद्ध होऊन पुन्हा माणसांच्या पेल्यात येणार असल्याने त्यात संप्रेरक सोडणे मला शहाणपणाचे वाटत नाही. यापेक्षा चांगला मार्ग उपलब्ध आहे. दोन्ही वाय गुणसूत्रे असलेले खास नर तयार करता येतात आणि त्यांची पिल्ले जवळजवळ सगळी नरच निपजतात. त्यात वस्तीच्या पाण्यात कोणतेही औषध पडत नाही.

रोहू, कटला आणि मृगळ यांचा विचार करणाऱ्यांसाठी दोन शब्द. शेततळ्यात आपण हे तीन मासे एकत्र सोडतो, कारण कटला पृष्ठभागाजवळ खातो, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी, त्यामुळे एकाच पाण्याचा तीनदा उपयोग होतो. ही मांडणी वरचे आणि खालचे पाणी वेगळे असण्यावर उभी आहे. गुरुत्वच नसेल तर पृष्ठभाग नाही आणि तळही नाही, म्हणून मिश्र मत्स्यशेतीचा पायाच निघून जातो. दुसरे असे की हे मासे साठलेल्या पाण्यात आपणहून अंडी घालत नाहीत. १९५७ मध्ये डॉ. हिरालाल चौधरी यांनी पीयूष ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन त्यांचे प्रजनन घडवून दाखवले, तेव्हाच आपल्याकडे मत्स्यबीजाची खात्रीची सोय झाली. दर हंगामाला इंजेक्शनाची गरज असलेला मासा आणि तोंडात पिल्ले सांभाळणारा मासा यांतून निवड करायची, तर बंदिस्त वस्तीत दुसऱ्याकडेच झुकावे लागते.

गुरुत्वाचा प्रश्न मात्र सर्वच माशांना सारखा आहे, आणि त्याचा अनुभव माणसाला १९७३ पासून आहे. त्या वर्षी स्कायलॅब या अंतराळस्थानकावर गेलेल्या दुसऱ्या तुकडीबरोबर ममीचॉग जातीचे दोन छोटे मासे आणि पन्नास अंडी पाण्याच्या प्लास्टिक पिशवीतून पाठवली होती. सुरुवातीला ते मासे सतत लहान लहान वर्तुळे घेत पोहत राहिले, जणू कुठली बाजू वर हे त्यांना सापडतच नव्हते. माशाच्या कानात चुनखडीचे बारीक खडे असतात आणि त्यांच्या भारावरून त्याला वर-खाली कळते. वजनच नाहीसे झाले की ही खूण मिळत नाही. मग मासा दुसरी खूण वापरतो: जिकडून प्रकाश येतो ती बाजू पाठीची. तीन आठवड्यांनंतर त्या माशांनी प्रकाशाकडे पाठ करून सरळ पोहायला सुरुवात केली, तरी पिशवी हलवली की ते पुन्हा वर्तुळे घेत. अंड्यांतून तिथेच बाहेर आलेली पिल्ले मात्र पहिल्यापासून नीट पोहत होती. पृथ्वीवरून नेलेल्या मोठ्या माशांपेक्षा तिथेच जन्मलेली पिढी अधिक सहज रुळते, असा याचा अर्थ घेता येतो.

प्रजननाची शंका १९९४ मध्ये फिटली. कोलंबिया या यानातून गेलेल्या चार मेडाका माशांनी, म्हणजे जपानच्या भातखाचरांत आढळणाऱ्या लहान माशांनी, कक्षेत समागम केला, अंडी घातली आणि त्यांतून पिल्ले बाहेर आली. पाठीचा कणा असलेल्या प्राण्याने अंतराळात जोडी जमवल्याची ती पहिली नोंद होती. मासे निवडतानाच वजनरहित अवस्थेत फार न गोंधळणाऱ्या वाणाची निवड केलेली होती, हे लक्षात ठेवावे लागते. २०१२ मध्ये जपानने आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावर मेडाका माशांसाठी खास टाकी बसवली, आणि तिथे सुमारे दोन महिने राहिलेल्या माशांच्या हाडांची झीज करणाऱ्या पेशी वाढल्याचे दिसले. म्हणजे वजनरहित अवस्थेत हाडे झिजण्याची अंतराळवीरांची तक्रार माशालाही आहे. २०२४ मध्ये चीनने आपल्या तियानगोंग स्थानकावर चार झेब्राफिश आणि पाण्यात वाढणारी एक वनस्पती एकाच बंद टाकीत ठेवली. वनस्पतीने ऑक्सिजन द्यायचा, माशांनी कार्बन डायऑक्साइड आणि खत द्यायचे, आणि ही देवाणघेवाण ४३ दिवस चालली.

या सर्व प्रयोगांत मासे बोटाएवढे होते आणि टाक्या काही लिटरच्या होत्या. अन्नासाठी मासे वाढवायचे तर पाण्याचे प्रमाण वाढते आणि मग एक साधी गोष्ट अडचणीची होऊन बसते: वजनरहित अवस्थेत हवेचा बुडबुडा वर येत नाही. शेततळ्यातील एअरेटर, म्हणजे पाण्यात हवा सोडणारे यंत्र, ज्या तत्त्वावर चालतो, ते तत्त्वच तिथे बंद पडते. बुडबुडे पाण्यात अडकून राहतात, एकमेकांत मिसळून मोठे गोळे बनतात आणि माशाच्या कल्ल्यांना चिकटण्याची भीती असते. त्यामुळे ऑक्सिजन पाण्यात मिसळण्यासाठी हवा आणि पाणी यांच्यामध्ये अतिबारीक छिद्रांचे पडदे ठेवून वायूला त्यांतून झिरपू द्यावे लागते. विष्ठा आणि उरलेले खाद्यही तळाशी बसत नाही, ते पाण्यातच तरंगत राहते, म्हणून संथ प्रवाह सतत एका दिशेने ओढून गाळणीवाटे नेणे भाग असते. हे सर्व करता येते, परंतु वीज आणि देखभाल यांचा खर्च वाढत जातो.

म्हणून गंभीर विचार करणारे बहुतेक लोक माशांची शेती फिरत्या वस्तीत, चंद्रावर किंवा मंगळावर कल्पितात. सोलापूरच्या गड्डा यात्रेत 'मौत का कुआँ' पाहिलेल्यांना फिरत्या वस्तीचे तत्त्व लगेच ध्यानात येईल: लाकडी विहिरीच्या उभ्या भिंतीला मोटारसायकलस्वार चिकटून राहतो, तसेच टाकीतले पाणी कड्याच्या बाहेरच्या भिंतीला दाबले जाईल आणि तीच त्याची जमीन होईल. चंद्रावर गुरुत्व पृथ्वीच्या सुमारे एक षष्ठांश आणि मंगळावर ३८ टक्के आहे. एवढ्यातही बुडबुडा वर चढतो आणि गाळ खाली बसतो, फक्त सावकाश. माशाला वर-खाली कळायला आणि पंपाला नेहमीसारखे काम करायला तेवढे पुरेसे असावे.

आता थोडे गणित, कारण निर्णय त्यावरच ठरायचा आहे. शंभर माणसांची वस्ती धरू आणि प्रत्येकाला रोज १०० ग्रॅम काटा काढलेले मांस द्यायचे असे मानू. चिलापीच्या एकूण वजनाच्या सुमारे तिसरा भाग असे मांस निघते, म्हणजे रोज ३० किलो मासा काढावा लागेल आणि त्यासाठी रोज सुमारे ४५ किलो कोरडे खाद्य घालावे लागेल. एका माणसाचे एका दिवसाचे कोरडे अन्न साधारण ६०० ग्रॅम धरतात, म्हणजे शंभर माणसांचे ६० किलो. माणसे जेवढे खातात त्याच्या तीन-चतुर्थांश अन्न माशांच्या तोंडी जाईल. त्याहून बोचरी बाब म्हणजे हवा. एक किलो खाद्य पचवून वाढताना मासे ४०० ते ५०० ग्रॅम ऑक्सिजन वापरतात, तर माणूस दिवसाला सुमारे ८४० ग्रॅम. त्या हिशेबाने आपली टाकी रोज २० किलो ऑक्सिजन ओढेल आणि तो सुमारे चोवीस माणसांच्या श्वासाइतका आहे. शंभर माणसांची वस्ती असे म्हणत आपण सव्वाशे जणांच्या हवेची सोय करत असू.

हा हिशेब बघता रोज मासे ही कल्पना सोडून द्यावी लागते. आठवड्यातून दोनदा मासे, असे ठरवले तर आकडे आवाक्यात येतात. रोज सरासरी साडेआठ किलो मासा, तेरा किलो खाद्य, आणि ऑक्सिजन सुमारे सात माणसांच्या बरोबरीने. अर्ध्या किलोचा मासा सहा-सात महिन्यांत तयार होतो असे धरले, तर वेगवेगळ्या वयाचे मिळून टाक्यांत कायम सहाशे ते सातशे किलो मासे राहतील. तेच पाणी गाळून पुन्हा पुन्हा वापरण्याच्या पद्धतीत घनमीटरला ४० किलो मासे ठेवता येतात, त्यामुळे सतरा हजार लिटर पाणी पुरते. ३० बाय ३० मीटर लांबी-रुंदीच्या आणि तीन मीटर खोलीच्या शेततळ्यात साधारण वीस लाख लिटर पाणी मावते, त्याच्या तुलनेत हे एक टक्काही नाही.

तरीही सतरा हजार लिटर म्हणजे सतरा टन, आणि पृथ्वीवरून ते पाठवण्याचा विचार कोणी करणार नाही. ते तिथेच मिळवावे लागेल. चंद्रयान-१ वरील उपकरणाच्या नोंदींतून २००९ मध्ये चंद्राच्या पृष्ठभागावर पाण्याच्या खुणा असल्याचे जाहीर झाले, आणि ध्रुवांजवळच्या कायम सावलीतील विवरांत बर्फ असल्याचे पुरावे नंतर वाढत गेले. एकदा मिळालेले पाणी दोनदा कामी येते. पाण्यात हायड्रोजन भरपूर असल्याने ते वैश्विक किरणांना चांगले अडवते, म्हणून झोपण्याच्या खोल्यांभोवती टाक्या रचल्या तर मासे आणि माणसांचे संरक्षण या दोन्ही गोष्टी एकाच पाण्यात साधतात.

मासे पाळण्यात सर्वाधिक कौशल्य पाण्याची निगा राखण्यात आहे. मासा कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतो. खाद्यातील प्रथिनांमुळे दर किलो खाद्यामागे सुमारे ३० ग्रॅम नायट्रोजन या रूपात पाण्यात येतो, म्हणजे आपल्या वस्तीत रोज जवळजवळ ४०० ग्रॅम. अमोनियाचे पाण्यात दोन प्रकार असतात आणि त्यांतील विषारी प्रकाराचे प्रमाण पाणी जितके अल्कधर्मी तितके वाढते. पाण्याचा पीएच, म्हणजे आम्लता-अल्कता दाखवणारा आकडा, ७ वरून ८ वर गेला तर विषारी अमोनिया सुमारे दहापट होतो. त्यामुळे मत्स्यपालक ज्याची सतत धास्ती बाळगतो, ते अमोनियाचे आणि पीएचचे हे दुहेरी गणित आहे.

त्याचा बंदोबस्त जिवाणू करतात. एका गटाचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात आणि दुसऱ्या गटाचे नायट्राइटचे नायट्रेट. नायट्राइट रक्तात शिरले तर रक्त तपकिरी होते आणि त्याची ऑक्सिजन वाहण्याची शक्ती जाते, त्यामुळे दुसरा टप्पा मागे पडू देऊन चालत नाही. नायट्रेट मात्र माशाला फारसे बाधत नाही आणि वनस्पतींना तेच खत आहे. हे जिवाणू प्लास्टिकच्या खडबडीत तुकड्यांवर थर धरून राहतात, ऑक्सिजन खातात आणि शिवाय पाण्यातील अल्कली संपवतात: एक ग्रॅम नायट्रोजनमागे सुमारे सात ग्रॅम, चुनखडीच्या हिशेबात मोजल्यास. आपल्या वस्तीत हे दिवसाला जवळजवळ तीन किलो होते. पृथ्वीवर चुन्याची एक गोणी उचलून टाकीत ओतली की भागते, पण चंद्रावरील माती चुनखडीची नाही. वनस्पती नायट्रेट शोषताना काही अल्कली परत सोडतात, आणि माशांची हाडे दळून पुन्हा वापरली तर त्यातून कॅल्शियम आणि फॉस्फरस मिळतो. फॉस्फरस तर वस्तीत सोन्याच्या भावाचा होईल, म्हणून डोके, काटे आणि आतडी फेकण्याचा प्रश्नच येत नाही.

व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात जेम्स राकोसी यांनी चिलापी आणि भाजी एकाच पाण्यावर वाढवण्याचे बरेच काम केले. त्यांच्या अनुभवानुसार दर चौरस मीटर पालेभाजीमागे रोज ६० ते १०० ग्रॅम खाद्य माशांना घातले, तर भाजीला पुरेसे खत मिळते आणि पाणी स्वच्छ राहते. आपल्या तेरा किलो खाद्यावर १३० ते २१५ चौरस मीटर पालेभाजी पिकेल. एवढ्या जागेत शंभर माणसांच्या ताटात पालेभाजी रोज पडू शकते, आणि त्यामुळे मला माशांपेक्षा ही भाजीच या योजनेचा मोठा लाभ वाटतो.

खाद्य आणायचे कोठून, हा शेवटचा आणि सर्वांत कठीण प्रश्न आहे. पृथ्वीवरील माशांच्या खाद्यात समुद्रातील लहान माशांची भुकटी आणि सोयाबीन मिसळलेले असते. समुद्र तिथे नाही आणि माणसाला खाता येईल असे सोयाबीन माशाला घालणे हा तोट्याचा व्यवहार आहे, कारण खाद्यातील प्रथिनांपैकी फार तर तिसरा भाग माशाच्या शरीरात उरतो. मासा तेव्हाच परवडतो, जेव्हा तो माणसाला न चालणारी वस्तू खातो. गव्हाचा व भाताचा कोंडा, रताळ्याचे वेल, भाजीची देठे, तेल काढल्यावर उरलेली पेंड, यांचा चिलापीच्या खाद्यात उपयोग होतो. सोलापूर परिसरातील पशुपालक गाई-म्हशींसाठी जो अझोला वाफ्यांत वाढवतात, तो तर थेट टाकीत टाकता येतो. अझोलाच्या पानांत राहणारे निळे-हिरवे शेवाळ हवेतील नायट्रोजन बांधून घेत असल्याने त्याला वेगळे खत फारसे लागत नाही. अॅरिझोनातील बायोस्फियर-२ या बंदिस्त काचघरात १९९१ ते १९९३ या काळात आठ माणसे राहिली, तेव्हा त्यांनी भातखाचरांत अझोला आणि चिलापी एकत्र वाढवली होती. त्या प्रयोगात हवेतील ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांपर्यंत उतरला. कारण मासे नव्हते, तर सेंद्रिय द्रव्याने भरलेली माती होती, जिच्यातील जिवाणू ऑक्सिजन खात होते. त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटने शोषून घेतल्याने वनस्पतींना तो परत मिळालाच नाही. बंद जागेत कोणती वस्तू कोणाचा श्वास चोरते, हे आधी कळत नाही. म्हणूनच माशांच्या टाकीत कुजणारा गाळ कधीही साठू देता कामा नये.

याची झलक आपल्याकडे उन्हाळ्यात पहाटे पाहायला मिळते. शेवाळाने हिरवे झालेले शेततळे दिवसा ऑक्सिजनने भरलेले असते, रात्री शेवाळही श्वास घेते आणि पहाटे पाचच्या सुमारास पाण्यातील ऑक्सिजन सर्वांत खाली जातो. तेव्हा मासे पृष्ठभागावर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात, सूर्य वर आला की हळूहळू खाली जातात, आणि अनुभवी शेतकरी हे दृश्य दिसताच पंप चालू करून पाणी उसळवतो. अंतराळवस्तीत दिवे आपल्या हातात असल्याने अशी पहाट टाळता येते, पण चंद्रावर निसर्गाची रात्र पृथ्वीवरील सुमारे चौदा दिवस चालते. घनमीटरला ४० किलो मासे असलेल्या टाकीत ऑक्सिजनचा पुरवठा थांबला, तर मासे वाचवायला फारसा वेळ मिळत नाही, साधारण तासाच्या आत हालचाल करावी लागते. बायोफ्लॉकच्या, म्हणजे जिवाणूंच्या मदतीने पाणी स्वच्छ ठेवून दाटीने मासे वाढवण्याच्या, टाक्या चालवणारे आपले शेतकरी याच भीतीने जनरेटर बाळगतात. चंद्रावर एक तर ध्रुवाजवळच्या, जवळजवळ सतत उन्हात राहणाऱ्या उंचवट्यावर वस्ती करावी लागेल किंवा अणुऊर्जा न्यावी लागेल, आणि द्रवरूप ऑक्सिजनचा साठा वेगळा ठेवावा लागेल.

रोगाच्या बाबतीत सगळे मासे एकाच पाण्यात ठेवणे चुकीचे ठरेल. प्रतिजैविक औषध टाकले तर ते माशांबरोबर अमोनिया पचवणारे जिवाणूही मारते आणि मग अमोनिया वाढून उरलेले मासेही जातात. त्यापेक्षा सहा-सात स्वतंत्र टाक्या, प्रत्येकीचे पाणी व जाळी वेगळी, हे अधिक सुरक्षित. एखादी टाकी रिकामी करून निर्जंतुक करावी लागली तर आठवड्यातील एक माशांचे जेवण चुकेल, एवढेच.

प्रत्यक्ष जाणे कोणत्या क्रमाने घडेल? सर्वांत आधी मासे नव्हे, जिवाणू जातील. त्यांचा थर टाकीत बसायला चार ते सहा आठवडे लागतात, तोपर्यंत टाकीत थोडा अमोनिया घालून त्यांनाच पोसत ठेवायचे आणि नायट्राइट खाली येईपर्यंत मासा सोडायचा नाही. नवशिक्या मत्स्यपालकाची घाई इथेच नडते. मासे मोठे पाठवण्यापेक्षा अंडी पाठवणे हलके आणि सोपे. फ्रान्सच्या इफ्रेमर या सागरी संशोधन संस्थेने सी-बास माशाच्या अंड्यांना रॉकेटच्या उड्डाणातील कंपने देऊन पाहिली आणि त्यांतून बाहेर येणाऱ्या पिल्लांच्या प्रमाणात फार मोठा फरक पडला नाही. चिलापीची अंडी मादीच्या तोंडातून काढून पाण्याचा प्रवाह असलेल्या बरणीत उबवण्याची पद्धत मत्स्यबीज केंद्रांत रूढ आहे. २८ अंशांवर चार-पाच दिवसांत पिल्ले बाहेर येतात आणि पुढचे काही दिवस पोटाच्या पिवळ्या पिशवीवर जगतात. चंद्राचा प्रवास साधारण तीन-चार दिवसांचा असल्याने अंडी वाटेत किंवा पोचल्यावर लगेच फुटतील आणि खाद्याची गरज वस्तीतच सुरू होईल.

मंगळासाठी हे चालणार नाही, कारण तिथे पोचायला सहा ते नऊ महिने लागतात. नराचे शुक्र द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवता येते आणि त्यामुळे थोड्या जागेत अनेक नरांचे वाण सोबत नेऊन रक्तात नवेपण राखता येईल. परंतु माशाचे अंडे मोठे आणि बलकाने भरलेले असल्याने ते गोठवून पुन्हा जिवंत करणे फार अवघड आहे. त्यामुळे निदान माद्या तरी जिवंत न्याव्या लागतील, वजनरहित प्रवासात त्यांना प्रकाशाच्या आधाराने पोहायला शिकवावे लागेल, आणि त्यांच्यासाठी एका छोट्या फिरत्या टाकीची सोय यानाच्या आराखड्यातच करावी लागेल.